दाराजवळचं स्टूल

प्रिय चिमे,

तुझा फोन आला तेव्हा तू इतकी खुशीत होतीस की तुझ्या दादाला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. जावईबापू खाणीतून वर आले, नमुन्यांच्या शेडचे मुकादम झाले, आता बसून काम, हे तू पुन्हापुन्हा सांगत होतीस. मी नुसता हं हं करत राहिलो. तुझी नर्सिंगची परीक्षा तोंडावर आलीय, आणि जावईबापूंनी मला गप्प राहायची शपथ घातलीय.

आमच्या शेडचं काम खरंच हलकं आहे. भूगर्भवाले साहेब जमिनीत खोल भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या काढतात. त्या आम्ही पेट्यांत क्रमाने लावायच्या आणि ओल्या फडक्याने पुसायच्या. धातूची रेघ दिसली की खडूने खूण करायची. निव्वळ पोरखेळ. उरलेला वेळ आम्ही कँटीनच्या चहाला नावं ठेवण्यात घालवतो. पण इथे मुकादम म्हणून कुणी नाही, चिमे. खाणीची धूळ ज्यांच्या छातीत बसलीय, अशा माझ्यासारख्यांनाच डॉक्टर 'हलकं काम' लिहून इथे धाडतात. इथून परत खाली गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शेडला दार एकच. त्याच्याजवळच्या स्टुलावर वारा लागतो, म्हणून ज्याला सगळ्यात जास्त धाप लागते तो तिथे बसतो. कुणाला काही सांगावं लागत नाही, आधीचा आपण होऊन उठतो. गेल्या हिवाळ्यापासून तिथे मीच बसायचो.

जावईबापू पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत आत आले. मेव्हण्यांवर आता आपली देखरेख, म्हणून माझी टर उडवली. मग एक पेटी उचलली, मध्येच खाली ठेवली, आणि बराच वेळ भिंतीला टेकून उभे राहिले. तुमच्या लग्नात याच माणसाने मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी कांड्या पुसत बसलो, वर बघायचा धीर होईना.

शपथ मोडतोय, त्यांना काय बोलायचं ते मला बोलू देत. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येईल. तू निघून ये. काल सकाळी मी दाराजवळून उठलो आणि आत भिंतीकडे जाऊन बसलो. ते माझ्या जागी येऊन बसले.

तुझाच,
दादा