माझ्या जागी कुणी नाव लावू नये

मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाखाली नसताना आणि डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलेलं नसताना, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करते आहे. जन्मभर वकिलांच्या ऑफिसात दुसऱ्यांची टाइप केली. माझं कुणा परक्याला सांगावंसं वाटलं नाही.

१. राहती खोली आणि तिच्याखालचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या नावावर आहे. दोन्ही माझ्या पतीला. शटर अर्ध्यावर अडकतं, हे त्यांना माहीत आहे. मी उगाच लिहिते.

२. बँकेतली शिल्लक आणि टाइपरायटर धाकट्या बहिणीला. या मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी. ती म्हणेल, ताई, मी याचं काय करू? काही करू नको. असू दे.

३. माझ्या दिरांना त्यांनीच दिलेला पंखा परत. त्यात उघड दोष आहे आणि सुप्त दोषही. आमची मुलगी गेली तेव्हा चार माणसांत ते म्हणाले होते, "जगाच्या सायकली नीट करतो, पोरीची तेवढी बघितली नाही." मी ते विसरलेले नाही, आणि आता घाईघाईने विसरण्याचा विचारही नाही.

४. आता दावा. मुलीच्या नव्या कोऱ्या सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटा उतारावर तुटला. मी कंपनीवर दावा लावला. मालात आतूनच असलेला, घेणाऱ्याच्या डोळ्यांना न दिसणारा तो सुप्त दोष, आणि त्याची जबाबदारी बनवणाऱ्याची, असं माझं म्हणणं. प्रतिवादीची कैफियत आली. दोष नव्हता. असलाच तर उघड होता, आणि मुलीचे वडील कारागीर असल्याने त्यांना दिसायला हवा होता. तेही नसेल तर चूक चालवणारीची. तिचा वेग बेफाम होता. शेवटी, 'दाव्यातील मजकूर खरा नाही व तो प्रतिवादीस कबूल नाही.' हे वाक्य मी इतक्या लोकांविरुद्ध टाइप केलं आहे की बोटांना पाठ आहे. ते कुणाच्या तरी घरी जाऊन पोचतं, हे तेव्हा कळलं.

तरी मी घाबरले नव्हते. तुटलेला चिमटा आमच्याकडे होता. तपासणीत आतली भेग दिसली असती. पण पोलिसांनी सायकल परत दिली तेव्हा मी अंथरुणाला खिळले होते. माझ्या पतीने ती दुकानात नेली, चिमटा जोडला, घासून सारखा केला, वर रंग दिला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मोडकी कशी ठेवू? पोरीची आहे."

तुटलेली जागाच उरली नाही. दोष सिद्ध झाला नाही, दावा फेटाळला गेला. त्यानंतर आम्ही रोज समोरासमोर बसून जेवलो आणि मीठ द्या, पाणी द्या, एवढंच बोललो. त्यांच्यावरचा माझा दावा मी कुठल्याही कोर्टात लावला नव्हता, पण घरात चालवत होते.

अपिलात प्रकरण फेरसाक्षीसाठी परत आलं आहे. वकीलसाहेब म्हणाले, वडिलांना पिंजऱ्यात उभं राहावंच लागेल. समोरचे विचारणार, पुरावा कुणी नष्ट केला? हे म्हणाले, येईन. परवा त्यांना हाक मारायला मी जिना उतरले, तर चाकाच्या तारा कसत ते स्वतःशीच बोलत होते, "हो साहेब. मीच केलं. माझ्या हातांनी केलं." मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने, कोर्टात ऐकू जावं म्हणून. मी हाक न मारता वर आले.

५. हे कलम त्यांना वाचून दाखवावं. आमच्या मुलीची चूक नव्हती. उतारावर ती ब्रेक धरूनच यायची; तुम्हीच तिला तसं शिकवलं होतं. तुमचीही चूक नव्हती. माझा तुमच्यावर कसलाही दावा शिल्लक नाही. सायकल तुमची.

६. चौथं आणि हे, ही दोन कलमं त्यांना वाचून दाखवू नयेत. ते स्वतः वाचणार नाहीत. कोर्टाचा कागद दिसला की त्यांचा चष्मा सापडत नाही. दाव्यात वादी मी एकटी आहे. मी गेल्यावर मुदतीत वारसाने माझ्या जागी नाव लावलं नाही, तर दावा आपोआप संपतो. तो तसा संपू द्यावा. मी जिवंतपणी मागे घेतला असता, तर कुणासाठी घेतला हे त्यांना कळलं असतं. वकीलसाहेबांना सांगून ठेवलं आहे. "बाई, अजून थोडी आशा होती," ते म्हणाले. मलाही होती. मुलीवरचा ठपका कोर्टाच्या कागदांत तसाच राहील. हे वाक्य टाइप करताना मला दोन वेळा उठावं लागलं. तिला विचारता आलं असतं, तर तिने बाबांना पिंजऱ्यात जाऊ दिलं नसतं, असं मी धरून चालते.

साक्षीला कधी जायचं, असं ते विचारतील. बहिणीने सांगावं, बोलावणं येणार नाही, भाऊजी, कायदाच तसा आहे. आणि त्यांना जेवायला वाढावं.

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: सोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.
सही: (मृत्युपत्र करणारी)

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
साक्षीदार: १. समोरच्या घरातल्या नर्सबाई (सही)
२. दुकानाशेजारचे घड्याळवाले (सही)