बेडला दोन बाजू असतात

६ जानेवारी, मंगळवार

आज ठरवलं. खोकी जाणार!

माझ्या बेडच्या डावीकडे मिक्सरचं खोकं आहे, उजवीकडे डिनर सेटचं. दोन्हींवर आईनं जुन्या साडीचे तुकडे अंथरलेत, म्हणून परक्याला ती टेबलं वाटतात. डावीकडच्यावर माझा चष्मा, मोबाइल, पाण्याची बाटली. उजवीकडच्यावर पुस्तकं आणि इस्त्रीचे कपडे. दोन्ही खोकी माझ्या लग्नासाठी घेतलेली, मी चोवीसची असताना. आता चौतीसची आहे. चिखलीतला हा फ्लॅट माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, आणि रात्री चष्मा काढून ठेवायचा तो अजून लग्नाच्या खोक्यावर.

मिक्सरची वॉरंटी न वापरताच संपली. नातेवाइकांच्या मते माझीही संपली.

८ जानेवारी, गुरुवार

आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. चिंचवडला जाऊन फर्निचरची दुकानं पालथी घातली. एकानं सांगितलं, "मॅडम, साइड टेबलं बेडबरोबर येतात. नुसती नाही देत." दुसरा देणार होता, पण म्हणाला, "सरांना एकदा दाखवून घ्या, मग फायनल करू." सर नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग एकच बघा ना."

एक का बघू?

तरी पर्समधून टेप काढून मापं घेतलीच. कंपनीत क्वालिटी तपासायची नोकरी करून ही खोड लागली आहे. टेबल गादीपेक्षा दोन बोटं वर हवं, नाहीतर झोपेत हात खाली लोंबतो आणि चष्मा सापडत नाही. दुकानातली सगळी बुटकी. वर सोनेरी मुठी, चकचकीत काच. आमच्या घरात ती भाड्यानं आणल्यासारखी दिसतील.

घरी आल्यावर आई म्हणाली, "दोन कशाला गं? एक माणूस, एक चष्मा."

बेडला दोन बाजू असतात, म्हटलं.

१० जानेवारी, शनिवार

कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर टेबलांचे फोटो बघत होते. शेजारची लगेच, "ठरलं काय गं?" आमच्या इथे बाईनं फर्निचर बघितलं की तिचं लग्न ठरतं.

१३ जानेवारी, मंगळवार

सुतार सापडला. ज्योतीराम. चाकणच्या कंपन्यांमधून पॅकिंगचं पाइनचं लाकूड निघतं, ते घेऊन हा टेबलं, मांडण्या बनवतो. खिळ्यांची भोकं दिसतात, पण लाकूड स्वच्छ आणि फिकं. मला आवडलं.

कागदावर काढून दाखवलं. गोल नको, चौकोनीच, पण कोपरे गोल कर. बेड आणि कपाटाच्या मधल्या बोळात माझा गुडघा रोज आपटतो. खाली एक फळी पुस्तकांना. वर एक ड्रॉवर.

"साहेबांची बाजू कुठली, ताई? त्या बाजूला ड्रॉवर मोठा करतो."

"साहेब नाहीत. दोन्ही बाजू माझ्या."

तो हसला. "मग दोन्हीकडं मोठा करतो."

हा पहिला माणूस, ज्यानं पुढे काही विचारलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीला आई खलबत्त्यात तीळ कुटत होती. जुना मिक्सर घरघरतो, झाकण हातानं दाबून धरावं लागतं. आणि नवाकोरा मिक्सर माझ्या उशापाशी! ते बघून डोकं फिरलं. आज सकाळी चिकटपट्टी टराटरा फाडली, मिक्सर ओट्यावर ठेवला आणि शेंगदाण्याची चटणी केली. भांडायच्या तयारीत उभी होते. सगळी वाक्यं पाठ होती.

आईनं चटणी चाखली. "लई बारीक झाली गं. जरा भरड ठेवायची."

एवढंच! वाक्यं वाया गेली.

१७ जानेवारी, शनिवार

समोरच्या शालनबाईंची पिंकी कासारवाडीहून माहेरी आली आहे. तिनं तिळगूळ पाठवला. बशी पांढरी, काठाला निळी फुलं. थेट आमच्या डिनर सेटच्या खोक्यावरच्या चित्रासारखी. तिनं लग्न केलं म्हणून ती त्यात वाढते, मी नाही केलं म्हणून मी चित्र बघते. हा कुठला न्याय?

आईनं बशी घाईघाईनं रिकामी केली, धुतली आणि लगेच परत देऊन आली. म्हटलं, बसायचं होतंस की जरा. "नको, त्यांच्याकडं पाहुणे हायत."

रात्री नवनाथचा फोन. धाकटा असून मोठ्या भावासारखा बोलतो. टेबलांचं त्याला आईकडून कळलं असणार. "ताई, आईचा तरी विचार कर. तिची एवढीच आशा आहे. राजगुरुनगरचं स्थळ मोडलंस तेव्हापासून ती खचली आहे."

ते स्थळ! चार वर्षं झाली, अजून त्याचं श्राद्ध घालतात. मुलगा बरा होता. त्याची आई म्हणाली, नोकरी सोडावी लागेल, आमच्यात बायका सेकंड शिफ्टला जात नाहीत. मी चहाचा ट्रे उचलला आणि आत गेले. पुन्हा बाहेर आले नाही. आजही तेच करीन.

गुरुवारी बायकोला घेऊन जेवायला ये म्हटलं. नवीन टेबलं बघायला.

२१ जानेवारी, बुधवार

टेबलं आली! फर्स्ट शिफ्ट होती, संध्याकाळी ज्योतीराम स्वतः टेम्पोत घालून घेऊन आला. दोन्ही बरोबर बसली. गादीपेक्षा दोन बोटं वर, गुडघ्याला कोपरा लागत नाही.

मोबाइलवर सांगतात, टेबलावर तीनच वस्तू ठेवा, तिन्ही वेगळ्या उंचीच्या. डावीकडे दिवा, पुस्तक आणि चष्म्यासाठी पितळी वाटी. उजवीकडे बाटलीत मनी प्लांट लावला आणि बाकी मोकळं सोडलं. मोकळं सोडायला हिंमत लागते. आमच्या घरात मोकळी जागा दिसली की कुणीतरी डबा ठेवतं. आईनं लगेच तांब्या-भांडं आणून ठेवलं. हसू आलं. पण खरं सांगायचं तर तांब्याच सगळ्यांत शोभतो, राहू दिला.

मग डिनर सेटचं खोकं. टेबल बसवायला मी ते पायानंच भिंतीकडे सरकवलं होतं. आता उचलायला वाकले तर आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "हात लावू नको त्याला! मी ठेवते." आणि उचलून चालती झाली. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई, जावयाच्या ताटांसाठी कुठून बळ येतं कोण जाणे!

म्हटलं, उद्या नवनाथ येतोय, त्या ताटांत वाढू.

"न्हाई."

"का?"

"असू दे की. घरात ताटं कमी हायत का? उगं काय करायलीस?"

मिक्सर सोडला, पण ताटांवर अडून बसली. मग मात्र माझा तोल गेला. बोलले सगळं. जो येणार नाही त्याच्यासाठी तू ताटं राखून ठेवलीस, आई. मी आहे ना इथे! मी रोज जेवायला बसते ना! दहा वर्षं मी माझ्या घरात पाहुण्यासारखी झोपते, कुणा दुसऱ्याच्या सामानाच्या मधोमध. तुला मी दिसत नाही का?

ती जेवलीही नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

वाईट वाटतंय. पण एक शब्द मागे घेणार नाही. उद्या ते खोकं उघडणार म्हणजे उघडणार.

२२ जानेवारी, गुरुवार

आई दूध आणायला गेली तेव्हा उघडलं. आत दोन गोधड्या, वर वर्तमानपत्रं. ताट एकही नाही.

आई दारात उभी. म्हणाली, "पिंकीच्या लग्नात दिला. तू ते राजगुरुनगरचं मोडलंस ना, त्याच महिन्यात. म्हटलं, माझी पोर काय आता लग्न करत न्हाई. भांडी तरी कुणाच्या संसाराला लागू देत."

मग खोकं का ठेवलंस, आई?

"तू पुस्तकं ठेवायलीस की त्याच्यावर. आन् तुला वाटलं असतं, आईनं आस सोडली."

मला तर हेच हवं होतं. चार वर्षांपूर्वीच मिळालं होतं. मग बेडवर बसून एवढं रडू का आलं, ते समजत नाही. आईनं चष्मा माझ्या हातातून घेतला, पुसला आणि वाटीत ठेवला.

नवनाथ येईल आता. स्टीलची ताटं काढली.