व्हॉल्व्ह आणि लोखंडी खाटा

बाबा, आज दुपारी मी गेटच्या ग्रिलचं काम घेतलं. इतकी वर्षं आपल्या शेडमधून फक्त व्हॉल्व्ह बाहेर पडले. पण आता ऑर्डरी आटल्यात आणि पगाराच्या दिवशी कामगारांच्या नजरेला नजर देववत नाही.

कुवेतमधल्या मंगफच्या आपल्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. कच्च्या तेलाचे भाव पडलेत. तुमचा ग्रीक मॅनेजर आईच्या हातचं सुरमईचं कालवण खातोय आणि सांगतोय, की त्याच्या देशात एकाच मालाला चिकटलेले कारखाने बुडाले, दहा धंदे करणारे तगले. आता कुवेतच्या वर्कशॉपमध्येही व्हॉल्व्हच्या जोडीला खाटा आणि रॅक करायचे. "तुला काय वाटतं?" तो तुम्हाला विचारतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असं मला ऊठसूट ऐकवणारे तुम्ही, मान खाली घालून म्हणालात, "करू साहेब. सगळं करू." तो गेल्यावर आई तुमच्यावर चिडली. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाय म्हटलं असतं, तर तुम्हां दोघींना गावाला धाडायला लागलं असतं."

मग तुमच्या टेबलाशेजारीच खाटांचं ग्राइंडिंग सुरू झालं. व्हॉल्व्हची तबकडी घासून झाली की तुम्ही तिला निळा रंग लावून, ती जिच्यावर घट्ट बसते त्या बैठकीवर दाबायचात. उमटलेलं वर्तुळ कुठे तुटलं नाही, तरच माल बाहेर. टेबलावर तुम्ही आईची जुनी साडी टाकू लागलात, पण लोखंडाची धूळ साडीला थोडीच जुमानते. बैठकींवर चरे पडले, घाईत माल तसाच गेला आणि मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून गळका म्हणून परत आला. व्हॉल्व्हचं काम हातचं गेलं, खाटांना गिऱ्हाईक मिळालं नाही, वर्कशॉपला टाळं लागलं. शेवटी आपण तिघंही गावाला आलोच. इथे याच शेडमध्ये मला सगळं शिकवलंत, पण स्वतः पुन्हा कधी तबकडी हातात घेतली नाहीत. तसेच खंगत गेलात.

तुमच्या त्या होकाराचा मला फार राग होता, बाबा. आज कंत्राटदारानं "जमेल ना?" विचारलं, तेव्हा माझीही मान खाली गेली. "जमेल," म्हणाले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक सांगते. ग्रिलचं ग्राइंडिंग शेडच्या बाहेरच करायचं, असं मी सगळ्यांना बजावलंय. तरी उद्यासाठी आईची एक जुनी साडी पिशवीत भरून ठेवली आहे.