तिसऱ्या सामन्याचं भाकीत

नागपूर,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

चि. अनिश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडायला लागली आहे. आईने तुझा जुना ट्रॅकसूट अंगात चढवला आहे आणि तोच घालून ती भाजी आणायला जाते. मला लाज वाटते म्हटलं तर म्हणाली, "पाठीवर पोराचं नाव आहे, तुले काहून लाज वाटून राहिली?"

फायनल होईपर्यंत तुमचे फोन काढून घेतलेत, म्हणून हे पत्र. प्रीतम उद्या सकाळच्या विमानाने पुण्याला तुमचा सामना बघायला येतो आहे, तो तुझ्या हातात देईल. पाकीट नीट चिकटवलं आहे. तुझ्या त्या मित्राच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुम्ही आणि चेन्नईवाले फायनलचा एक-एक सामना जिंकल्यापासून इथे रविवारच्या तिसऱ्या सामन्याशिवाय दुसरा विषय नाही. खापरखेड्याच्या कॉलनीत ज्यांनी आपल्याला बास्केटबॉल धरायला शिकवलं ते भैयाजी रोज फोन करतात. "काहून वं गुंजन, तुह्या कागदात काय निघून राहिलं? कोण जिंकते, सांग ना!" प्लेऑफचे आतापर्यंतचे सगळे निकाल मी आधीच बरोबर सांगितले ना, त्याचा हा परिणाम. मी काही भविष्य बघत नाही. पंधरा वर्षं जिल्ह्याच्या सामन्यांचं गुणपत्रक लिहिते आहे, तसंच तुमचंही टीव्हीसमोर बसून लिहिते. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या. कागद नीट लिहिला की कोण दमलं, कोण कुठे कमी पडतं ते दिसतं, एवढंच. या वेळी मात्र सगळ्यांना सांगते, "काही सांगता येत नाही." आई म्हणते बारा पॉइंटने जिंकणार.

मला सांगता येतं रे. म्हणूनच गप्प आहे.

तुझ्या बास्केटपुढे लिहिलेला अकरा नंबर लाल शाईत भरपूर आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये मात्र गेल्या तीन सामन्यांत तो मी एकदाच लिहिला. टीव्हीवाले म्हणतात, प्रशिक्षक तुला राखून वापरतात. मी त्यांचं ऐकत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. बुधवारी शेवटच्या सहा मिनिटांत तू तीनदा बुटाची लेस बांधायला वाकलास. लेस सुटलेलीच नव्हती. मग स्वतःच हात करून बदली मागितलीस.

अन्या, बाबा असेच वाकायचे. तू आठ वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. मी चौदाची. मैदानाच्या कडेला त्यांची पाण्याची बाटली घेऊन बसले होते. ते लेस बांधायला वाकले आणि तसेच कलंडले. बेचाळिसावं वर्ष होतं त्यांचं. आई आजही म्हणते ऊन लागलं, आणि आपण तिला म्हणू देतो. जानेवारीत कुठलं आलं ऊन?

दिवाळीत तू जिन्यात कोसळलास. दोन मिनिटांत उठलास, हसलास, वर म्हणालास, "उपाशी होतो वं." आणि माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. "माही शपथ आहे ताई, कोणाले सांगू नको." मी नाही सांगितलं. महिना झाला, जेवण जात नाही मला.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. ऑगस्टमध्ये तुझा तब्येतीचा फॉर्म मी भरला, कारण तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात एक प्रश्न होता: घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक वारलं आहे का? तू खिडकीबाहेर बघत बसलास. मी "नाही" वर खूण केली. वाटलं, एवढ्याशा खुणेपायी पोराची निवड अडायला नको. तू सही केलीस. पण खूण माझ्या हातची आहे.

आज चार वाजता मी तुमच्या संघाच्या डॉक्टर शामला मॅडमना फोन केला. बाबांचं सांगितलं, जिना सांगितला, लेस सांगितली, फॉर्म कोणी भरला तेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळीच त्याला तपासायला नेते. हृदयाचे डॉक्टर लेखी देईपर्यंत तो खेळणार नाही. आणि रविवारच्या आत कोणी लेखी देणार नाही."

म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल. तर ऐक माझं भाकीत. रविवारी आपण पंधरा-सोळा पॉइंटने हरणार. त्यांच्या त्या उंच पोराला अडवणारा तुझ्याशिवाय आपल्याकडे कोणी नाही. चषक चेन्नईला जाईल. पुढच्या वर्षी तुला संघात घेतील की नाही, देव जाणे. हे सगळं मी केलं.

तपासणीत काही निघालं नाही, तर मी तुझी फायनल उगीच घालवली. तसंच निघू दे. दुपारपासून देवापुढे तेवढंच मागते आहे, की गुंजन साफ चुकली असं निघू दे, सगळ्या नागपूरने मला शिव्या घालू देत. मला फार भीती वाटते रे. तू वाकशील, आणि मी इथे पेन धरून बसलेली असेन.

आईला आज जेवणाआधी सांगणार आहे. बाबांचंही.

फोन परत मिळाला की तिला लाव. माझ्याशी बोलू नकोस. मी शपथ मोडली, तुझं रागावणं बरोबर आहे. खूप रागाव. म्हातारा होईपर्यंत, दात पडेपर्यंत रागावून राहा माझ्यावर.

वाट बघत असलेली,
तुझी ताई
गुंजन