निकिताच्या नंदीचा पहिला नंबर

मु. कळंब, जि. यवतमाळ

आमचे इवाई रा. रा. रामरावजी, मु. महागाव, यांसी पुंडलिकाचा दोन्ही हात जोडून रामराम. (एरवी मी एकाच हातानं करतो, दुसऱ्या हातात पान असते. आज दोन्ही जोडले, यावरूनच प्रकरण काय ते ओळखा.) तुमचा खोकला कसा आहे? इहीणबाईचा गुडघा पायऱ्या चढू देते का? कपाशी बरी असंल. इकडे चिंतामणीच्या कृपेनं सारे खुशाल आहेत, फक्त मी तेवढा खुशाल नाही.

फोन काहून नाही केला म्हणाल, तर केलता. पण तुम्ही उचलताच "अभिनंदन, अभिनंदन" म्हणता अन् माह्या तोंडातलं खरं वापस पोटात जाते. मंग मी सोयाबीनच्या भावावर बोलून ठेवून देतो. संगीताले सारं ठाऊक आहे, पण ती म्हणते, "बाबा, तुम्ही केलं, तुम्हीच माह्या सासऱ्याले सांगा." पोरगी माही, पण वकिली तुमच्या घरची करते. अन् तुम्ही तर ग्रुपवर नंदीचा फोटो पाहून अख्ख्या गल्लीत पेढे वाटून मोकळे झाले! रामरावजी, त्या पेढ्यायनं मले पुरं अडकवलं. आता बसूनच वाचा.

आपली नात निकिता माह्याकडे आली तवाची गोष्ट तुम्हाले माहीत आहे. सात वर्षाची पोर, बोलाले चुरूचुरू, पण बटन लागत नाही, पेन्सिल धरली की दोन ओळीत हात दुखते, डिंक नाहीतर कणिक बोटाले लागली की रडते. आपण सारे म्हणत होतो आळशी आहे, लाडावली आहे. (तुम्ही कमी म्हणत होते, मी जास्त.) मंग शाळेतल्या बाईनं यवतमाळचा पत्ता देल्ला, ऑक्युपेशनल थेरपीचा. कळंबहून यवतमाळ जवळ पडते म्हणून पोरगी माह्या हवाली झाली. पहिल्या दिवशी मी गेलतो तं काय पाहतो! एक झोका, एक मोठ्ठा चेंडू, कपडे वाळवाचे चिमटे, अन् तुरीच्या डाळीचा टब, त्याच्यात मणी लपवलेले. दिपाली मॅडम म्हणून तरणी बाई आहे, ती पोरीसंग खाली बसून मणी शोधून राह्यली. मी म्हटलं, मॅडम, औषध कवा देता? ती म्हणे, "काका, हेच औषध आहे. तिच्या बोटात ताकद कमी आहे, अन् चिकट लागलं की तिचं अंग घाबरते. हे खेळता खेळता जमते. फक्त घरी तिचं काम तिलेच करू द्या, उशीर लागला तरी." मी मान डोलावली. मान डोलवाले माह्या बापाचं काय जाते?

घरी आल्यावर मात्र माह्या बायकोनं, वच्छलेनं, मॅडमचं ऐकलं, मी नाही. पोरगी बटनासंग झटून राह्यली की माह्या जिवाची नुसती तगमग होये. वच्छला इकडे भाजीत डोकं घालून असली की मी तिकडे बटन लावून मोकळा. तुमचा खोकला जसा थांबत नाही, तसा माहा हात थांबत नाही.

मंग पोळा जवळ आला. मॅडम म्हणे, औंदा पोरायच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी निकिताच सजवीन, तोच तिचा अभ्यास. अख्खा श्रावण पोरीनं खपवला, रामरावजी. मणी ओवून घुंगरमाळ केली, शिंगं रंगवले, डिंकात बोटं घालून बेगड चिकटवलं. पहिल्या दिवशी डिंकाले भ्याली, रडली, हात धुऊन आली, अन् परत बसली. गाठी तं अशा मारल्या की गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. नंदी झाला तयार. आता खरं सांगतो, तो नंदी दिसाले आजारी दिसत होता. एक शिंग लाल, दुसरं अर्धं, झूल पोटाखाली, बेगड चुरगळलेलं. अन् मले लाज वाटली. पोरीची नाही हो, लोकायची. शेजारच्या भीमसिंगच्या नातवाचा नंदी नवरदेवावाणी नटला होता, अन् आमचा असा चौकातल्या स्पर्धेत जाईन, म्हणून.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी निकिता जेवून झोपली. मी कात्री घेतली. तिच्या साऱ्या गाठी कापल्या. नवी झूल, नवं बाशिंग, सरळ घुंगरमाळ, दोन्ही शिंगं एकसारखे. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "निकितानं स्वतःच्या हातानं सजवला." उठल्यावर पोरीनं नंदी पाह्यला. माळेवरून एकदा बोट फिरवलं. मले वाटलं खूश झाली! अक्कल पाहा माही.

चौकात पहिला नंबर निकिताचा. माईकवाल्यानं तिले मंचावर उभं केलं अन् लाडानं विचारलं, "बेटा, एवढी सुंदर माळ कोणत्या हातानं बांधली?"

"आबाजीच्या," निकिता म्हणे. "माह्या गाठी त्यायनं कापल्या."

भोंगा तिकडे बसस्टँडपर्यंत लावला होता. मंग तो माईकवाला, मोठा मसखरा, म्हणते कसा, "तर मंडळी, बालगटात प्रथम क्रमांक, पुंडलिकराव, वय सदुसष्ट!" सारा चौक हासला. वच्छला पदराआड हासली, हे मी विसरणार नाही. पण निकिता हासली नाही. कप तिनं माह्या हाती देल्ला अन् पुढं चालू लागली.

मंग जे झालं ते वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं हात पसरले, "आबाजी, बटन लाव. तुले चांगलं येते." बूट पुढं केले. जेवाले बसली तं तोंड उघडून. यवतमाळला मॅडमले म्हणे, "मी नाही करत. आबाजीले शिकवा." एवढ्या महिन्यायची मेहनत मी एका दुपारी कापून टाकली हो! मले तिथंच रडू आलं. बाकीच्या पोरायच्या आया पाहून राह्यल्या, पण आलं.

मॅडम रागावली नाही. कपाटातून फवारणीचे जाड हातमोजे काढले, माह्या हातात घातले अन् म्हणे, "काका, सदऱ्याचे बटनं सोडा अन् लावा." सोडले कसेबसे, पण लागन तं शपथ. घाम फुटला. मी चिडून म्हटलं, हे काय चालवलं आहे! ती म्हणे, "निकिताचे हात रोज असेच असतात. अन् त्यात कोणी घाई केली तं?" रामरावजी, मले जमीन फाटावी असं झालं. सदरा उघडा, पोट बाहेर, अन् आतून काळीज चोरासारखं. निकिता पाहात होती. हळूच उठली, जवळ आली अन् माह्या सदऱ्याचं बटन धरलं. जीभ दाताखाली दाबून खूप वेळ झटली. मी हात मागं बांधून उभा. लागलं! चुकीच्या काजात लागलं, पण लागलं. तो सदरा मी तसाच वाकडा घालून एसटीनं कळंबला आलो.

आता पोरगी परत कामाले लागली आहे. कप मी मंडळाले वापस केला. तुमाले मान खाली घालाले लावली, त्याची माफी द्या.

तुमचा अपराधी,
पुंडलिक

ता. क. पेढे वापस मागू नका. गल्लीत सांगा, ते बटनाचे होते.

ता. क. पत्र याच्यासाठीच लिहिलं: निकिता दसऱ्याले तुमच्याकडे येईन. जेवण थंड झालं तरी तिले भरवू नका, बटनाले हात लावू नका. तुमचा हात माह्यापेक्षा बी उतावळा आहे, मले ठाऊक आहे. इहीणबाईले बी सांगा. मी तं पुरा सुधारलो, आता पोरीच्या कोण्याच कामाले हात लावत नाही.

ता. क. खालची ओळ निकिताची आहे. मले वाचू देत नाही, लिफाफा बी डिंकानं स्वतःच चिकटवणार म्हणते.

आजोबा, आबाजीनं आज सकाळी माह्या बुटाची दोरी बांधली. मी सोडली अन् परत बांधली. निकिता.