निबंधात न घेतलेली बाजू

प्रिय आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, फक्त उजवा अंगठा सुजलाय.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत बाकी सगळं जमलं, पण 'नवरा-बायकोची भांडणं' या निबंधात माती खाल्ली. काय लिहिलं ते ऐकून सर म्हणाले, "अगं, तू कुणाची बाजूच घेतली नाहीस!" कशी घेणार? तुझंच वाक्य लिहून आले होते, "दोघांचंही थोडं थोडं चुकतं."

काल शेजारचा माणूस बायकोला केसांना धरून जिन्यावरून फरफटवत होता. मी लाटणं घेऊन धावले आणि त्याचं मनगट मोडेपर्यंत त्याला हाणलं. ती आता माझ्याकडेच आहे.

परीक्षा पुन्हा देईन.

तुझ्या डोळ्याखालचं काळंनिळं गेलं का? बाबांना माझे गुण सांगू नकोस. लाटण्याचं मात्र आठवणीने सांग.

तुझीच,
धाकटी