मुकुट खरवडण्याआधी

स्टोरनेस, हार्डांगर
२ नोव्हेंबर १८८१

प्रिय ब्रीता,

तुझं चित्र परत आलंय. गेल्या मंगळवारी आगबोटीतून लाकडी खोक्यात उतरलं आणि सध्या आपल्या होडीच्या खोपटात, जाळ्यांशेजारी भिंतीला टेकून उभं आहे. फ्रोकेन विल्हेल्मिनांनी ते विकत घेतलेल्या बर्गेनच्या व्यापाऱ्याला बदल्यात दोन नवी चित्रं देऊन ते सोडवून आणलं. आता त्यांना तुझ्या डोक्यावरचा नवरीचा मुकुट खरवडून काढायचाय आणि तिथे तुझे नुसते केस रंगवायचेत. पण तुझा होकार आल्याशिवाय सुरीला हात लावणार नाही म्हणतात. आणि घाई आहे. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाला, वसंतापर्यंत दिसेल तेवढं दिसेल. फ्रोकेनचं नाव वाचूनच हे पत्र चुलीत टाकावंसं वाटेल तुला. जरा थांब. बारा वर्षं मी ते नाव तुझ्यापुढे काढलं नाही, आज काढू दे.

एकवीस उन्हाळे मी त्यांची होडी वल्हवली, पण ही बाई काय चीज आहे ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. बर्गेनच्या एका कप्तानाची ही लेक, लग्न न करता फ्रोकेनच राहिली. घरच्यांनी चित्रकला शिकवली ती पाहुण्यांना फुलं काढून दाखवण्यापुरती. हिने हट्टाने जर्मनी गाठलं. तिथल्या चित्रशाळेत बायकांना दार बंद, म्हणून एका मास्तरांच्या घरी शिकली. तिथली पोरं म्हणायची, "फ्रोकेन, डोंगर चढायला पाय लागतात, परकर नाही." परकर खोचून ही आपल्या हिमनदीपर्यंत चढली. पाठीवर रंगांची पेटी, हातात ती पांढरी छत्री. आपल्या गावाने तरी कुठे कमी केलं? धक्क्यावरचे बाप्ये ओरडायचे, "इंगेलेव, आज बाईला मासे दाखवणार की मासोळ्यांना बाई?" मी हसायचे. त्याही हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ओरडणाऱ्यांतल्याच एकाचं तोंड कागदावर उतरवून त्याच्या बायकोला द्यायच्या.

पहिले दोन दिवस त्या कधी कुंचला धरत नसत. मी वल्हवायची आणि त्या रिकाम्या हातांनी नुसत्या बघत बसायच्या. एकदा बर्फावरच्या निळ्या रंगासाठी आम्ही तीन दिवस एकाच जागी होडी धरून होतो. खायला भाकरी आणि बकरीचं चीज, वर डासांचं राज्य. चौथ्या दिवशी तो रंग आला, पाव तास टिकला आणि गेला. मी जन्मभर त्या डोंगराखाली राहिले, ब्रीता, पण तो निळा मला पहिल्यांदा दिसला तो त्यांच्या कॅनव्हासवर. वल्ही सोडून मी रडायला लागले. माणसाचं चित्र काढताना त्या समोरच्याला गप्प बसू द्यायच्या नाहीत. पाद्रीबुवांना त्यांनी मधमाश्यांबद्दल बोलतं केलं. चित्र पाहून पाद्रीणबाई म्हणाली, "अगंबाई, हे घरात असे कधी दिसतच नाहीत!"

आणि मग तुझं चित्र. तू सतरा वर्षांची, ओड्मुनशी लग्न ठरलेली. पाद्र्याच्या घरच्या पेटीतला, लग्नापुरता नवरीला मिळणारा चांदीचा मुकुट आणला, तुझ्या डोक्यावर ठेवला आणि सहा दिवस तुला सफरचंदाच्या झाडाखाली उभं केलं. त्या चित्राला परदेशात पदक मिळालं. इकडे ओड्मुनच्या आईने चर्चच्या दारात सगळ्यांदेखत तोंड सोडलं, "मुकुट एकदाच चढतो. हिचा चढून झाला. आता आमच्या दारात काय बोडक्याने येणार?" ओड्मुन बुटांकडे बघत राहिला आणि लग्न मोडलं. मला तर वाटतं बरंच झालं, आईपुढे ब्र न काढणारा नवरा काय कामाचा! पण तेव्हा तुझं जग बुडालं होतं. अमेरिकेच्या जहाजावर चढताना तू म्हणालीस, "तुझ्या फ्रोकेनला सांग, शहरच्या बाईला आपल्या रीतीभाती काय कळणार!" त्यानंतर दर नाताळला चार ओळी. मिनेसोटात तुझं लग्न झालं, दोन मुलं झाली, हेही मला चार ओळींतच कळलं.

गावाने सगळा दोष त्यांच्यावर ढकलला. पाद्र्याने घरी उतरवून घेणं बंद केलं. कुणी पोरी त्यांच्यापुढे बसवेना. त्यांनी एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाही. पुढच्या जूनमध्ये धक्क्यावर उतरल्या, सरळ माझ्या होडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल, इंगेलेव."

परवा खोपटात त्यांनी खोक्याची फळी काढली आणि मी दारातच थिजले. माझ्याकडे तुझा एक फोटोसुद्धा नाही गं. आणि तू समोर उभी होतीस. उभं राहून कंटाळलीस की खालचा ओठ दाताखाली धरायचीस, तो तसाच. मागचं पाणी हलत होतं, खरंच हलत होतं. मी हात लावायला गेले आणि मागे घेतला. फ्रोकेन चित्राला नाक लावून, डाव्या डोळ्याने इंच इंच चाचपत होत्या. म्हणाल्या, "मी काढलेलं यापेक्षा चांगलं काही नाही." आणि तेच त्या तुझ्या एका शब्दावर खरवडायला निघाल्यात.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. त्या दिवशी मुकुट हातात घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "इंगेलेव, लग्नाआधी हिच्या डोक्यावर ठेवण्यात काही वावगं नाही ना?" मी म्हणाले, "छे, काहीच नाही." मला माहीत होतं. हार्डांगरात जन्मलेल्या कुठल्या बाईला माहीत नसतं? पोटात मूल असलेल्या नवरीला आपल्याकडे मुकुट देत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मला दिला नव्हता, हे ठाऊक नाही. माझं लग्न पल्याडच्या खोऱ्यात झालं तेव्हा तू पोटात होतीस, मी काळा रुमाल बांधून चर्चमध्ये गेले. ती चांदी माझ्या रक्ताच्या कुणाच्या तरी डोक्यावर बघायची होती मला, आणि लग्नापर्यंत धीर निघाला नाही. बारा वर्षं त्या बाईने माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतला आणि एकदाही म्हणाल्या नाहीत, मी हिला विचारलं होतं. माझ्यावर रागावायचं असेल तर सावकाश, आयुष्यभर रागव. पण त्यांना वसंताच्या आत दोन ओळी लिही. मुकुट ठेवायचा की काढायचा, हे मला विचारू नकोस. माझं मत मी एकदा दिलंय.

तुझीच,
आई